आज कुणाचे आजोबा? – एका बालगृहातलं देणग्यांचं वर्ष

स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं होतं आणि सुतळीनं एक पेन्सिल बांधलेली होती. पानं उचलून बघितली तर त्याच्या मागे गेल्या वर्षीचं कालनिर्णय, त्याच्याही मागे त्याच्या आदल्या वर्षीचं. स्वयंपाकाच्या मावशी जुनं टाकत नाहीत, एकावर एक टांगत जातात. आपल्या घरी त्या चौकटींत दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते. इथं लिहिलं होतं: ‘बँकवाले, श्रीखंड’. ‘दोन केक’. ‘आजोबा, खीर’. ‘मंडळ, जिलबी’. आणि मधे पांढऱ्या, कोऱ्या चौकटी.

या प्रकरणातला सगळ्यात विश्वासाचा कागद तोच. ऑडिट झालेला ताळेबंदही मी पाहिला, पण त्यातून मला काही कळलं नाही. या कालनिर्णयातून कळलं.

जून २०२३ ते मे २०२४ या वर्षात मी पुणे जिल्ह्यातल्या मुलग्यांच्या एका बालगृहात दर शनिवारी आणि एक आड एक रविवारी जात होते. एरवी मी भोसरीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. संस्थेचं नाव, गावाचं नाव, कुणाही मुलाचं नाव इथं येणार नाही. त्याला कारण आहे. ते मला ऑगस्टमध्ये चांगलंच समजलं.

घर कसं चालतं

बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी झालेलं हे बालगृह. मंजूर संख्या ५०. मी गेले तेव्हा सहा ते अठरा वयाचे ३८ मुलगे होते. मूल इथं कुणाच्या ओळखीनं ठेवता येत नाही. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, आणि घरी परत जायलाही तोच लागतो. काम करणारी माणसं सहा: अधीक्षक सर, दिवसाचे आणि रात्रीचे असे दोन काळजीवाहक, स्वयंपाकाच्या दोन मावशी आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या समुपदेशक ताई. सहा जणांचे पगार मिळून महिन्याला ७०,००० रुपये. किराणा, दूध, भाजी, गॅस ६६,०००. शाळा, औषधं, वीज, गाडीभाडं धरून ३०,०००. म्हणजे महिन्याला १,६६,०००. सरकारी अनुदान नाही. इमारत संस्थापकांनी स्वतःच्या जागेवर बांधलेली, त्यामुळे भाडं तेवढं नव्हतं.

या ३८ जणांपैकी आई आणि वडील दोघंही नाहीत अशी मुलं पाच. बाकीच्यांना कुणीतरी होतं: कामावर जाणारी एकटी आई, दारूत बुडालेला बाप, थकलेली आजी. लोकांच्या तोंडी शब्द ‘अनाथाश्रम’. कायद्याच्या तोंडी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालके’. पहिला शब्द फार भरभर पैसे गोळा करतो, आणि खोटा आहे.

मला वाटलं होतं की जाऊ आणि शिकवू. तसं होत नाही. आधी अर्ज, ओळखपत्र, ओळखीच्या दोघांचे फोन नंबर, पोलीस पडताळणी. मग एका कागदावर सही: आवारात मोबाइल बाहेर काढणार नाही, कुणा एकाच मुलाला वेगळं काही देणार नाही, बंद खोलीत मुलासोबत एकटी बसणार नाही, घरचा पत्ता-नंबर देणार नाही. सही करताना जरा रागच आला. आपण चांगल्या भावनेनं आलोय आणि हे आपल्याकडे संशयानं बघतायत, असं काहीतरी. तो राग तिसऱ्या शनिवारी उतरला. सातवीतल्या एकाला अपूर्णांक जमले म्हणून मी त्याला गुपचूप स्केचपेनचा डबा दिला आणि संध्याकाळपर्यंत त्या डब्यावरून तिघांची मारामारी झाली. सर ओरडले नाहीत. कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, बस्स.

शिकवण्यात मी सामान्यच निघाले. जुलैत सरांनी विचारलं, ‘हिशेब बघाल का?’ तिथून माझं खरं काम सुरू झालं.

कोठीची खोली आणि कोऱ्या चौकटी

पहिलं काम कोठीच्या खोलीतला माल मोजायचं. ३८ मुलांसाठी ६१ दप्तरं निघाली, त्यातली बरीचशी कुठल्या ना कुठल्या कंपनीचं बोधचिन्ह पाठीवर छापलेली. कंपासपेट्या २१२. वह्या पुढची दोन वर्षं पुरतील इतक्या. पावसाळी बूट मात्र एक जोडही नाही, कारण बुटाला माप लागतं आणि दप्तराला लागत नाही. माप विचारायला आधी फोन करावा लागतो, आणि दान करणाऱ्याला बहुधा अचानक यायला आवडतं.

मग कालनिर्णय. २०२२ च्या सगळ्या चौकटी मी एका शनिवारी वहीत उतरवल्या. ३६५ पैकी १४३ भरलेल्या. सगळे ५२ रविवार भरलेले, त्यातल्या कितीतरी चौकटींत दोन-दोन, तीन-तीन नोंदी. पितृपंधरवडा पूर्ण भरलेला. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, सगळं भरलेलं. मंगळवार ५२ पैकी ४. जून महिना, जेव्हा शाळेचा खर्च अंगावर येतो, जवळजवळ कोरा.

एका दिवसाच्या जेवणाची देणगी ३,५०० रुपये ठरलेली होती. पण पैसे देणारे थोडे आणि डबे-पातेली घेऊन येणारे जास्त. वाढदिवसाला आणलेला केक किंवा गुलाबजाम हिशेबात ‘वस्तुरूप देणगी’ म्हणून दिसतो, त्यानं किराण्याचं बिल मात्र पाच पैशांनी कमी होत नाही. वस्तू दिल्यावर आयकर कायद्यातल्या तेव्हाच्या ८०जी कलमाखाली वजावटही मिळत नव्हती. ती गोष्ट दात्यांनाही ठाऊक नसते. म्हणजे देणाऱ्याचे पैसे खर्च होतात, मुलांचं पोट भरतं, आणि तरी महिन्याच्या सात तारखेला पगाराला पैसे नसतात. हिशेब लिहिणाऱ्या बाईला याहून विचित्र पुस्तक बघायला मिळणार नाही.

फोटो

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. नियम मोडून मी फाटकाबाहेरून एक फोटो काढला: रांगेत उभी मुलं, पुढे एक लहानगा, हात कपाळाशी, चप्पल दोन पायांत दोन वेगळ्या. घरी येऊन एक मजकूर लिहिला, जरा डोळ्यांत पाणी आणणारा, आणि फोटोसकट सोसायटीच्या आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. वीस मिनिटांत दोघांनी पैसे कसे पाठवायचे ते विचारलं. एकविसाव्या मिनिटाला सरांचा फोन: ‘आधी तो काढा. मग बोलू.’

बालन्याय कायद्याचं कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ज्यानं तो ओळखू येईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी म्हटलं, पाठमोरा चालेल? सर म्हणाले, पाठीवर शाळेचा गणवेश असतो, दप्तर असतं. चेहरा अंधुक केला तर? म्हणाले, वर्गातली पोरं चपलेवरून ओळखतात.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते कायद्यात नाही. आधीच्या संस्थेत त्यांच्याकडे एक मुलगा होता. लहानपणी त्याचा फोटो एका पत्रकावर छापला गेला होता. दहावीनंतर नोकरीला लागला तिथं कुणीतरी ते जुनं पत्रक काढून दाखवलं, आणि तो दुसऱ्या दिवसापासून कामावर गेला नाही.

प्रश्न उरलाच: मग दाखवायचं काय? मुलांची दुःखं दाखवायची नाहीत, चेहरे दाखवायचे नाहीत, आणि ७०,००० रुपये पगाराचे उभे करायचे. त्या वेळी उत्तर नव्हतं.

दोन ऑक्टोबर ते आठ ऑक्टोबर

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती, म्हणजे पितृपंधरवडा लगेच लागला आणि सर्वपित्री अमावास्या १४ ऑक्टोबरला आली. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या दिवसांत देशभर दानउत्सव साजरा होतो. २००९ पासून ही प्रथा आहे आणि कंपन्यांमध्ये चांगली रुजली आहे. २०२३ मध्ये हे दोन्ही एकमेकांवर येऊन आदळले. गंमत अशी की पूर्वजांच्या नावानं अन्नदान करणारे आणि मनुष्यबळ विभागाच्या ईमेलवरून आलेले, दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

दुपारी खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. सकाळी आणि संध्याकाळी समोसे, केक, वेफर्स. आठ वर्षांचा एक पोरगा रोज सकाळी दात घासत स्वयंपाकघराच्या दारात यायचा आणि मावशींना विचारायचा, ‘आज कुणाचे आजोबा?’ एक दिवस मावशी म्हणाल्या, ‘आज आजी आहे रे.’ तो म्हणाला, ‘मग वडे जास्त असतील.’

रविवारी, आठ तारखेला, तीन गोष्टी एकदम झाल्या. सकाळी एका कंपनीचे वीसेक कर्मचारी पिवळे टी-शर्ट घालून आले. त्यांनी मुलांना रांगेत बसवून चित्रं काढायला लावली आणि भिंतीवर बॅनर लावला: ‘अनाथ मुलांसोबत एक दिवस’. सहावीतल्या एका मुलानं तो मोठ्यानं वाचला आणि शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला म्हणाला, ‘काका, माझी आई आहे. ती कामाला जाते.’ तो माणूस बिचारा पार गोरामोरा झाला. बॅनर उतरवला गेला, फोटो झाल्यावर. दुपारी एका कुटुंबानं वडिलांच्या श्राद्धाचं जेवण वाढलं. संध्याकाळी एका पाहुण्यांच्या पाच वर्षांच्या नातीचा वाढदिवस. मुलांनी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं. ते गाणं कुठल्या सुरात संपवलं की फोटो लवकर होतो हे त्यांना पाठ आहे.

रात्री सात जणांची पोटं बिघडली. सोमवारी सगळ्यांना मऊ भात. मंगळवारी भाजीवाल्याची उधारी थकलेली म्हणून बटाट्याचा रस्सा, आणि बुधवारी पुन्हा खीर.

मंगळवारची भाजी

त्या आठवड्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक माझ्या डोक्यातली, एक मुलांच्या.

माझ्या डोक्यातली अशी. कालनिर्णयाचं ऑक्टोबरचं पान, नोंदी झाकून, फक्त भरलेल्या-कोऱ्या चौकटी दिसतील असा फोटो काढला. खाली दोन ओळी: ‘रविवारी आमच्याकडे तीन केक असतात. मंगळवारी भाजी नसते.’ एवढंच. आठवड्यात २२,००० रुपये जमले. मुलाच्या फोटोनं वीस मिनिटांत दोघांना हलवलं होतं. या पानानं लोकांना हसवलं आणि जरा ओशाळवलं, आणि ओशाळलेला मध्यमवर्गीय माणूस पटकन पैसे पाठवतो असं माझं निरीक्षण आहे. पण खोड एवढ्यात जात नाही. नोव्हेंबरच्या एका मंगळवारी मी मुद्दाम फोन करून विचारलं तर मावशी म्हणाल्या, ‘आलेत की लोक. गुलाबजाम घेऊन.’

शिवाय लक्षात आलं की भाजीला पैसे मिळतात, भाजी चिरणाऱ्या मावशींना मिळत नाहीत. ‘आमचे पैसे थेट मुलांपर्यंत पोचावेत, पगारात जाऊ नयेत,’ हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकलं की शेवटी उत्तर द्यायचंच सोडलं. पोचवणार कोण? भाजी स्वतःच चिरली जाऊन ताटात येते का?

दुसरी गोष्ट मुलांची. नियमांप्रमाणे बालगृहात मुलांची समिती असते. इथं ती कागदावर होती. समुपदेशक ताईंनी ती खरोखर बसवली. काय हवं, काय नको? मला वाटलं होतं खाऊ, सहल वगैरे निघेल. त्यांनी सांगितलं: रविवारी सकाळी झोपू द्या. दहा ते बारा क्रिकेट, तेव्हा कुणी पाहुणे नकोत. गाणं म्हणायला लावू नका. ‘मोठा होऊन काय होणार’ विचारू नका. आणि एकानं हळूच: अंडाबुर्जी.

त्यावरून नियम ठरले. रविवारी एकच पाहुणे, चार ते पावणेपाच. फोटो नाही. बॅनर नाही. केक आणायचा तर सगळ्यांना पुरेल असा, आणि कापायचा आपल्या घरी. गोड पदार्थाऐवजी त्या दिवसाच्या किराण्याचे पैसे दिले तर उत्तम.

इथं विश्वस्तांमध्ये वाजलं. संस्थापक, वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर दारोदार फिरून हे घर उभं केलेला माणूस. ते म्हणाले, ‘देणाऱ्याचं मन मोडू नये. आज केक आणणारा उद्या छप्पर घालून देतो.’ सर म्हणाले, मुलांचं मन रोज मोडतंय त्याचं काय? तेव्हा मी पूर्णपणे सरांच्या बाजूनं होते. आता इतकी खात्री नाही. कारण नंतर जे महिन्याचे दाते मिळाले त्यांतले बरेचसे कधी ना कधी केक घेऊन आलेले होते. पहिल्यांदा माणूस दाराशी येतो तो बहुधा चुकीचंच काहीतरी हातात घेऊन येतो. आणि नोव्हेंबरमध्ये पैसे खरोखर कमी आले. दरवर्षी मोठी रक्कम देणाऱ्या एका मंडळानं ‘फोटो नाही तर अहवालात काय छापायचं?’ म्हणून दुसऱ्या संस्थेकडे मोर्चा वळवला. नियम टिकले, पण संस्थापकांनी त्या बैठकीनंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

दिवाळीचा स्टॉल

लवकर सांगून टाकते. पणत्या, उटणं, आकाशकंदील. चार दिवस, तीन सोसायट्या, १९ स्वयंसेवक. विक्री ४१,३००, माल आणि वाहतूक २६,८००, हाती १४,५००. माणशी चार दिवसांची मजुरी धरली तर आम्ही तोट्यात.

एक प्रसंग मात्र लक्षात राहिला. पणत्या आम्ही स्वयंसेवकांनी रंगवलेल्या. मुलांकडून विक्रीचा माल करून घ्यायचा नाही यावर सर ठाम. गिऱ्हाईक बाई पणती हातात घेऊन विचारायच्या, ‘मुलांनी केल्यात का?’ नाही म्हटलं की काही जणी परत ठेवायच्या. तीच पणती, तोच रंग. माझ्याबरोबरची एक मुलगी कुजबुजली, ‘हो म्हणूया ना, काय जातंय.’ आम्ही म्हटलं नाही, पण मोह झालाच नाही असं लिहिणार नाही.

वस्तू विकून मुलांसाठी पैसा उभा करायचा धंदा आपल्याकडे जुना आहे. रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये मित्रांसोबत ५० रुपयांवर मुंबईत क्राय ही मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था सुरू केली, आणि घराघरांत ती पोचली ती शुभेच्छापत्रांवरून. तेव्हा दिवाळीला कार्ड पाठवायची रीत होती. ज्या वस्तूची लोकांना एरवीही गरज असते तीच विकली तर जमतं. पणत्या तर कोपऱ्यावर कुंभाराकडेही होत्या, आणि खरं म्हणजे त्याच्याकडूनच घ्यायला हव्यात.

परदेशातला मावसभाऊ, मार्चमधली कंपनी

डिसेंबरात न्यू जर्सीचा मावसभाऊ फोनवर म्हणाला, ‘खाते क्रमांक पाठव, वर्षाचे पगार मी देतो.’ मी आनंदानं पाठवला. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या लेखापरीक्षकांना सहज सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. भाऊ आता अमेरिकेचा नागरिक. विदेशी अंशदान कायद्याप्रमाणे, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे, तो ‘विदेशी स्रोत’. भारतातल्या बँकेत त्याचं खातं असलं तरी फरक पडत नाही. त्याचे पैसे घ्यायला संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी हवी आणि रक्कम नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवी. २०२० च्या दुरुस्तीपासून तो नियम आहे. आमची नोंदणी नव्हती. रात्री साडेअकराला, म्हणजे त्याच्या दुपारी, फोन करून थांबवलं. तो चिडला: ‘माझ्याच गावच्या पोरांना मी पैसे द्यायचे नाहीत?’ मग त्याच्या शेजारचा सांगलीचा मुलगा, तिथं नोकरीच्या व्हिसावर पण पासपोर्ट भारताचा, तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो असं निघालं. तो आजही महिन्याला देतो. दोघं एकाच इमारतीत राहतात.

मार्चमध्ये एका कंपनीला आठवण झाली. कंपनी कायद्याचं कलम १३५: ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी फोन वाजू लागतात. आम्ही काळजीवाहकांच्या पगाराचा प्रस्ताव दिला. त्यांना दिसेल असं काही हवं होतं. दहा संगणक आले, दारावर पाटी आली, वीजबिल वाढलं. शिकवणारा आला नाही. मुलं त्यावर चित्रं रंगवतात. वाईट नाही, पण मागितलं ते हे नव्हतं.

रात्रीचा दादा

फेब्रुवारीत रात्रीचा काळजीवाहक सोडून गेला. पगार १२,०००. एका गोदामात सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली, तीन हजार जास्त. त्याला दोष कोण देईल? त्याला स्वतःची दोन मुलं आहेत.

हा माणूस काय करायचा ते कुठल्याच अहवालात नव्हतं. कोण झोपेत चालतो, कोणाला दीडला उठवून बाथरूमला न्यायचं, कोण पावसाचा आवाज आला की घाबरतो, हे त्याला ठाऊक होतं. नवीन माणूस मिळेपर्यंत पाच रात्री सर स्वतः झोपले, दिवसभराचं काम करून. त्या पाच दिवसांत सकाळी वाळत घातलेल्या चादरींची रांग लांबत गेली. ‘आज कुणाचे आजोबा’ विचारणारा पोरगा झोपायचंच बंद झाला. जिन्यात बसून राहायचा. नवा दादा आला तेव्हा त्यानं नाव विचारलं नाही. विचारलं, ‘किती दिवस आहे?’

त्या शनिवारी मी घरी आले ते काहीच न बोलता. आजवर भाजी, केक, पणत्या, संगणक यांचा खटाटोप केला, आणि मुलांना ज्याची भीती वाटते ती गोष्ट एकच होती: सवयीचं माणूस जाणं. ती थांबवायला तीन हजार रुपये लागत होते. आमच्याकडे ते नव्हते, आणि कोठीत ६१ दप्तरं होती.

पाचशे रुपये, सात तारीख

सत्तर हजार भागिले पाचशे, म्हणजे १४० माणसं. इतका साधा हिशेब मी जुलैतच मांडायला हवा होता. या वेळी मजकुरात भाजी नव्हती. लिहिलं: रात्री दीडला एका मुलाला उठवायला माणूस लागतो, त्याचा पगार द्यायला आम्हाला १४० जण हवे आहेत, पाटी नाही, फोटो नाही, महिन्याला ५०० रुपये. नको असेल तर कधीही थांबवा.

आला प्रतिसाद, पण हळू. कारखान्यातून ११ जण. शॉपफ्लोअरवरचे जास्त, केबिनमधले कमी. सोसायटीतून १४. वाढदिवसाला आलेल्या जुन्या कुटुंबांना मी एकेक फोन केला, त्यातून सर्वांत जास्त. यूपीआयवर दरमहा आपोआप पैसे कापून जायची सोय केली, तिथं नवे धडे. एक तारीख ठेवली तर पगार जमा झालेला नसतो आणि व्यवहार फसतो. म्हणून सात तारीख. पैसे कापण्याआधी चोवीस तास बँकेचा मेसेज येतो, आणि त्या चोवीस तासांत काही जणांचं मन बदलतं. पहिल्या महिन्यात नऊ जणांनी बंद केलं. मी कुणालाही ‘का’ म्हणून विचारलं नाही. दोघं तीन महिन्यांनी आपणहून परत आले.

मेअखेर ६१ जण, महिन्याला ३३,४०० रुपये. पगाराच्या निम्म्याहून थोडं कमी. विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं की त्यातून पहिल्यांदा दोन्ही काळजीवाहकांचा पगार १५,००० करायचा. ठराव संस्थापकांनीच मांडला. माझ्याकडे बघितलं नाही, पण मांडला.

त्याच महिन्यात बॅनर वाचणारा मुलगा घरी गेला. बाल कल्याण समितीचा आदेश झाला. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये त्याच्या आईला मंजूर झाले, तेवढ्यानं शाळा आणि रिक्षा भागते. संस्थेत मूल ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच लिहिलंय. निधी गोळा करणाऱ्या बाईला हे जरा अवघड जातं. आपलं काम जितकं नीट होईल तितकी ताटं कमी, आणि ‘आमच्याकडे किती मुलं’ हा आकडा दात्यांना मोठाच आवडतो. तो मुलगा जाताना दोन दप्तरं घेऊन गेला. मीच दिली.

मेचा उरलेला महिना पॅन क्रमांकांत गेला. कोणी किती दिले याचं विवरण, १०बीडी, ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे भरायचं, मग दात्याला १०बीई प्रमाणपत्र. एका अक्षराची चूक झाली तर परत फोन. निम्मे दाते म्हणाले, आम्ही नव्या करप्रणालीत आहोत, ८०जी चा आम्हाला उपयोग नाही, राहू द्या. वजावट नाही हे माहीत असूनही ते देत होते, याची मी हिशेबाच्या वहीत शेरा म्हणून नोंद केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांतल्या एका काकांचा फोन आला. तेच, आठ ऑक्टोबरला संध्याकाळी नातीचा वाढदिवस करून गेलेले. ‘नाव कुठं लागणार नाही ते ठीक आहे हो, पण माझ्या पाचशेचं झालं काय ते तरी दाखवा.’ मी सरांना विचारून पगारपत्रकाच्या पानाचा फोटो काढला, नावं झाकून. रात्रीच्या काळजीवाहकाची रक्कम आणि त्यापुढची सही तेवढी दिसेल असा. तासाभरानं त्यांनी विचारलं, ‘सही नव्या माणसाची का?’ मी म्हटलं, हो, फेब्रुवारीपासून तोच आहे. त्यावर काही आलं नाही.

सात जून शुक्रवारी होता. सकाळी दहाला त्यांचे पाचशे जमा झाले.